आधी उधारी शोधा, खुनी आपोआप सापडेल: नव्या लेखकांचं नॉयर आणि सस्पेन्स कसं वाचायचं

सोलापुरात रहस्यकथा म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे बाबूराव अर्नाळकर, जुन्या घरातल्या ट्रंकेत एखादा तरी झुंजार नाहीतर काळा पहाड सापडतोच. दुसरी म्हणजे टीव्हीवरची केस, जिथं शेवटच्या पाच मिनिटात इन्स्पेक्टर सगळ्यांना हॉलमध्ये बसवून कुणी काय केलं ते सांगतो. दोन्हीबद्दल माझी काही तक्रार नाही. अर्नाळकरांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या पळत पळत वाचायसाठीच होत्या, जेवायला हाक यायच्या आत संपल्या पाहिजेत असा हिशेब. पण त्याच स्पीडनं आजचं नॉयर, म्हणजे काळोख्या मूडची गुन्हेकथा, किंवा ज्याला लोक अ‍ॅटमॉस्फेरिक सस्पेन्स म्हणतात ते वाचायला घेतलं की चाळीसाव्या पानावर माणूस वैतागतो, 'अरे अजून काहीच होईना की बे' म्हणतो आणि पुस्तक उशाखाली जातं ते तिथंच राहतं. पुस्तकाचा दोष नसतो, वाचायची पद्धत तेवढी बदलावी लागते आणि ती काय फार अवघड नाही, त्यातही आपल्या सोलापूरच्या माणसाला तर नाहीच, का ते पुढं येईलच.

आधी फरक काय तो थोडक्यात. नेहमीच्या रहस्यकथेत गाव ठीकठाक असतं, मध्येच कुणीतरी खून करतं, डिटेक्टिव्ह येतो, खुनी पकडतो, गाव परत ठीकठाक. नॉयरमधलं गाव आधीपासूनच बिघडलेलं असतं. खून व्हायच्या आधीच कुणीतरी कर्जात आहे, कुणीतरी गप्प आहे, कुणाचा तरी हप्ता कुणाला तरी जातोय, आणि खुनी सापडला तरी यातलं काही थांबत नाही. ही तऱ्हा जुनीच आहे, १९२० च्या दशकात अमेरिकेत 'ब्लॅक मास्क' नावाच्या स्वस्तातल्या मासिकातून ती वर आली आणि तिथं लिहिणारा डॅशिएल हॅमेट आधी खरोखरच पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी केलेला माणूस होता, म्हणून त्याच्या गोष्टीत डिटेक्टिव्हगिरी म्हणजे पाळत ठेवणं, ताटकळणं आणि पैशाचा माग काढणं. आजच्या लेखकांनी ते इंजिन उचललं आणि आपापल्या गावात नेऊन बसवलं, कुणी लागोसमध्ये, कुणी ऑस्ट्रेलियाच्या दुष्काळी पट्ट्यात, कुणी व्हर्जिनियाच्या खेड्यात. आपण वाचायचं ते हे.

तर पद्धत. पहिल्या पन्नासेक पानांत खुनी कोण याचा विचारच करू नका, खरंच सोडून द्या. त्याऐवजी तीन प्रश्न डोक्यात ठेवा. कोण कुणाचं देणं लागतंय? गाव सोडून जायची इच्छा असून कोण जाऊ शकत नाहीये? आणि अशी कुठली गोष्ट आहे जी सगळ्यांना माहितीय पण कुणी तोंडातून काढत नाहीये? बस. पुस्तकात खून पन्नासाव्या पानावर होऊ दे नाहीतर दीडशेव्या, या तीन प्रश्नांची उत्तरं आधीपासून हळूहळू पडायला लागलेली असतात आणि पुढचा सगळा सस्पेन्स त्याच्यावरच उभा असतो.

यातला पहिला प्रश्न, देण्याचा, सगळ्यात महत्त्वाचा आणि वाचक सगळ्यात जास्त तोच सोडून पुढं जातो. एस. ए. कॉस्बी हा व्हर्जिनियाचा लेखक, त्याची 'ब्लॅकटॉप वेस्टलँड' २०२० ला आली. हिरो गॅरेजवाला, एकेकाळी दरोड्याच्या गाड्या चालवायचा, आता ते सोडून बायकापोरांत रमलेला. आता पटापट वाचणारा माणूस गाड्यांचे सीन वाचतो, पाठलाग वाचतो, आणि मधली ती 'बोअर' पानं चाळून टाकतो ज्यात गॅरेजचं गिऱ्हाईक नवीन दुकानानं पळवलंय, आईच्या नर्सिंग होमचं बिल थकलंय, पोरांचा खर्च आलाय. पण पुस्तक तर त्या पानांतच आहे ना! ते आकडे बेरीज करत गेलात तर दरोड्याचा प्लॅन यायच्या आधीच तुम्हाला कळतं की हा माणूस हो म्हणणार, आणि ते कळत असताना त्याला बघत बसणं यालाच नॉयरमधला सस्पेन्स म्हणतात. काय होणार हे माहीत असतं आणि तरी पोटात गोळा येतो.

आणि म्हणूनच म्हणतो, सोलापूरच्या माणसाला हे जन्मजात येतं. ज्या गावात १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल आज नावापुरती उरली, लक्ष्मी-विष्णू मिल बंद झाली आणि अख्ख्या चाळीच्या चाळी पगाराची वाट बघत बसल्या, ज्या घरात यार्नवाल्याची उधारी, बँकेचा हप्ता आणि पोरीचं लग्न या तिन्ही गोष्टी एकाच डायरीत लिहिलेल्या असतात, तिथल्या माणसाला कॉस्बीचं गॅरेज समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या वाचकापेक्षा आपल्या पूर्व भागातला दोन माग चालवणारा माणूस ते पुस्तक जास्त चांगलं वाचेल असं माझं स्पष्ट मत आहे, इंग्रजी थोडं अडखळलं तरी.

आता वातावरण. हा शब्द लै वापरून गुळगुळीत झालाय. ज्या पुस्तकात धुकं, पाऊस, सिगारेट आणि पिवळा दिवा असेल त्याला लोक लगेच अ‍ॅटमॉस्फेरिक म्हणतात. खरं वातावरण आणि नुसती सजावट यातला फरक ओळखायची एक सोपी टेस्ट आहे, गाव बदलून बघा. वाचता वाचता मनातल्या मनात ती गोष्ट उचलून दुसऱ्या गावात ठेवा. समजा कोकणातला पाऊस काढला आणि तिथं पुण्यातली थंडी घातली, काही फरक पडला का? नसेल पडत तर लेखकानं पाऊस विकत आणलाय, पुस्तक चालू ठेवायचं तर ठेवा पण फार अपेक्षा नको. फरक पडत असेल, म्हणजे तो पाऊस नसता तर अमुक माणूस त्या रात्री अमुक ठिकाणी अडकलाच नसता, तर मग तिथं दमानं वाचायचं.

या टेस्टला उतरणारं एकदम चोख उदाहरण म्हणजे जेन हार्परची 'द ड्राय'. २०१६ ची, तिची पहिलीच कादंबरी, आणि पुढच्या वर्षी तिला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा गोल्ड डॅगर मिळाला. ऑस्ट्रेलियातलं कायवारा नावाचं काल्पनिक गाव, दोन वर्षं पाऊस नाही, शेतकरी लुळे पडलेत, आणि मेलबर्नचा एक पोलीस अधिकारी लहानपणीच्या मित्राच्या अंत्यविधीला गावी येतो. सगळ्यांना वाटतंय की दुष्काळाला कंटाळून त्या मित्रानंच बायकोला आणि पोराला मारून स्वतःला संपवलं. बघा, दुष्काळ इथं नुसता मागं रंगवलेला पडदा नाही, दुष्काळामुळंच गावानं ती थिअरी चटकन मान्य केली, कारण अशा वर्षात माणूस असं करू शकतो हे सगळ्यांना पटतं. पाऊस पडलेला असता तर लोकांनी दुसरे प्रश्न विचारले असते. तो अधिकारी लहानपणी जिथं पोहायचा त्या नदीवर जातो आणि तिथं नदीच नसते, कोरडं पात्र. सीना नदी एप्रिलमध्ये बघितलेल्या माणसाला ते पान वाचताना भाषांतराची गरज लागत नाही. हे पुस्तक मे महिन्यातच वाचा, पारा ४३-४४ ला असताना, दुपारी दोन ते पाच, बाहेर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा. पावसाळ्यात वाचलं तर अर्धं वाया.

आता प्रत्यक्ष ओळ कशी वाचायची हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून मीच चार ओळी रचतो, आपल्याच गावच्या, साहित्य म्हणून नाही तर सरावासाठी.

'रात्रपाळीला मागांचा आवाज रोजच्यासारखाच होता. गल्लीच्या टोकाचं एक शेड तेवढं गप्प. व्यंकटेशनं सायकल लावली, खिशातली किल्ली चाचपली आणि आधी समोरच्या टपरीवर गेला. टपरीवाल्यानं चहा दिला, पैसे मागितले नाहीत.'

पळत वाचणारा यातून एवढंच घेतो की व्यंकटेश चहा प्यायला. आता सावकाश बघा. भीती, अंधार, संशय असला एकही शब्द यात नाहीये. पण ज्या गल्लीत रात्रभर खटखट असते तिथं गप्प शेड म्हणजे काहीतरी बिनसलंय, वीज सगळीकडं आहे म्हणजे कारण वीज नाही. किल्ली याच्याच खिशात आहे म्हणजे शेड उघडायचं काम याचं आहे, आणि तरी हा आधी टपरीवर जातो. एक तर त्याला आत जायची भीती वाटतेय, किंवा आपण इथं इतक्या वाजता होतो हे कुणीतरी बघावं असं त्याला वाटतंय. दोन्ही अर्थ शेवटपर्यंत जिवंत ठेवायचे, घाईनं एक निवडायचा नाही. आणि शेवटी ती पैसे न मागण्याची गोष्ट. टपरीवाला एक तर त्याच्या देण्यात आहे, नाहीतर त्याला घाबरतोय, नाहीतर त्याची कीव करतोय म्हणजे टपरीवाल्याला काहीतरी कळलंय जे व्यंकटेशला अजून कळलेलं नाही. परत देण्याघेण्यावर आलो बघा. चांगला नॉयर लेखक असल्या ओळी पानोपानी टाकत जातो आणि त्यावर बोट ठेवून सांगत नाही. जो लेखक लगेच पुढच्या ओळीत 'त्याच्या मनात एक अनामिक भीती दाटून आली' लिहितो तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीये, त्याच्यावर तुम्हीही फार ठेवू नका.

पुढचा मुद्दा, गोष्ट सांगणारा. नव्या लेखकांत फर्स्ट पर्सन फार चालतं, मी असं केलं, मला असं दिसलं. हा 'मी' खोटारडा आहे का याची लोकांना भलतीच घाई असते, तिसऱ्या पानापासून 'हाच खुनी, लिहून घे' चालू. तसं नका करू. खोटं बोलणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वेळा 'मी' सोडून देतो. म्हणजे कशावर तो तीन पानं बोलतो आणि कशावरून एका वाक्यात पुढं जातो ते बघा. सगळ्या भावंडांची नावं सांगितली आणि एकाचं नुसतं 'धाकटा' म्हणून सोडलं, तिथं पेन्सिलनं बारीक टिक करा, पुस्तक स्वतःचं असेल तर.

यासाठी सुरुवात करायला माझ्या मते सगळ्यात भारी पुस्तक म्हणजे ओयिनकान ब्रेथवेटचं 'माय सिस्टर, द सिरियल किलर', २०१८, नायजेरियातल्या लागोसचं, तिचीही पहिलीच कादंबरी. खुनी कोण ते पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलंय आणि पहिल्याच पानावर धाकट्या बहिणीचा फोन येतो की मी त्याला मारलं. सांगणारी मोठी बहीण, पेशानं नर्स, ती जाते आणि ब्लीच घेऊन फरशी साफ करते. म्हणजे खुनी शोधायचा रस्ताच लेखिकेनं बंद करून टाकलाय, आता तुम्हाला मोठ्या बहिणीकडंच बघायला लागतं, ही कुठवर पुसत राहणार, का पुसते, आणि घरातल्या कुठल्या गोष्टीबद्दल ती एवढं कमी बोलते. प्रकरणं एकदम छोटी छोटी, काही तर पानभराची, इंग्रजी सोपं, सुट्टीच्या एका दिवसात होतं. घरात धाकट्याचं सगळं आवरायची जबाबदारी ज्या मोठ्या बहिणींवर पडलेली असते त्यांनी तर वाचावंच, जरा जास्त लागेल.

आता बारीकसारीक व्यवहार.

नावांची चिठ्ठी करा. बाहेरच्या पुस्तकांत नावं डोक्यात बसत नाहीत, आडनावानं एकदा, लाडक्या नावानं एकदा, माणूस तोच. लाइटबिलाच्या पाठीमागं लिहा, नाव, काय करतो, कुणाशी पैशाचं किंवा नात्याचं काय. कथानक लिहू नका, त्यानं मजा जाते. हीच चिठ्ठी बुकमार्क. दोन काळात चालणारी कादंबरी असेल, म्हणजे एक प्रकरण आजचं आणि एक वीस वर्षांपूर्वीचं, तर प्रकरणाच्या वरचा महिना आणि साल वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, लोक नेमकं तेच गाळतात आणि मग शंभर पानांनंतर 'हा मेला होता ना?' करत मागं पलटत बसतात.

इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दाला डिक्शनरी काढलीत तर वातावरण गेलंच म्हणून समजा. पहिल्या प्रकरणाला काढा, ठीक आहे, शेतीचे, हत्यारांचे, गाड्यांचे शब्द एकदा कळले की तेच परत परत येतात. पात्रांची गावठी बोली असेल तर ती मोठ्यानं वाचा. सोलापुरात आपण मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळ्याची भेळ ऐकत मोठे झालोय, अर्धं वाक्य कळलं नाही तरी समोरचा चिडलाय का चेष्टा करतोय हे आपल्याला टोनवरून कळतं, तीच अक्कल इथं वापरा.

पुस्तकाचं मागचं कव्हर वाचू नका. पब्लिशर लोक तिथं निम्मी गोष्ट सांगून ठेवतात. ऑनलाइन रिव्ह्यूसुद्धा वाचून झाल्यावरच. 'शेवटचा ट्विस्ट कळणारच नाही' असं कुणी लिहिलं की तुमचं डोकं त्या ट्विस्टच्याच मागं लागतं आणि मधलं पुस्तक मेलं. लायब्ररीच्या कॉपीत तर अजून एक धोका, काही महाभाग मार्जिनमध्ये बॉलपेननं खुन्याचं नाव लिहून ठेवतात, वर दोन रेघा मारून! अशा लोकांना सभासदत्व कोण देतं काय माहीत. कॉपी घेताना पहिली दहा पानं चाळा, समासात शाई दिसली तर दुसरी मागा.

कधी वाचायचं? रोज थोडं थोडं हे या प्रकाराला चालत नाही, निदान सलग तासभर तरी द्या, कारण लेखक जो ताण हळूहळू वाढवत आणतो तो दर दहा मिनिटांनी मोबाईल बघितला की परत शून्यावर येतो. आपल्याकडं एक आयती सोय आहे ज्याबद्दल एरवी सगळे शिव्या घालतात, नळाचं पाणी. काही दिवसाआड येणार आणि ते पण कधी रात्री एकला कधी पहाटे चारला, जागं राहावंच लागतं. बॅरल भरेपर्यंत गल्ली शांत, मध्येच कुणाची तरी मोटर चालू होते, कुणाच्या तरी बादलीचा आवाज, अशा वेळेला नॉयर जे लागतं ते दिवसा लागत नाही. फक्त पाणी वाहून जाईल एवढं रंगू नका, घरचे खून करतील. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाणार असाल तर तीही बरी, पण बर्थवरचा दिवा नीट चालेल याची गॅरंटी नाही, हेडफोन आणि ऑडिओबुक जवळ ठेवा. स्टोरीटेलवर मराठीत बऱ्याच थरारकथा ऐकायला मिळतात. ऑडिओचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा, मागं पलटून बघणं कटकटीचं असतं, म्हणून पात्रं कमी आणि काळ एकच असलेली गोष्ट ऐकायला घ्या. दोन काळांवाली कागदावरच.

नवे लेखक सापडणार कसे, हा खरा प्रश्न, कारण दुकानात समोर ठेवलेली असतात ती तीच पाच-सहा नावं. एक रस्ता म्हणजे पहिल्या पुस्तकांना देतात ती बक्षिसं. अमेरिकेत मिस्टरी रायटर्सची संघटना एडगर अ‍ॅलन पोच्या नावानं एडगर पुरस्कार देते, त्यात अमेरिकन लेखकाच्या पहिल्या कादंबरीला वेगळा पुरस्कार असतो. ब्रिटनच्या डॅगर पुरस्कारांतही पदार्पणाच्या कादंबरीसाठी जॉन क्रीसी यांच्या नावाचा डॅगर आहे. जिंकलेल्या पुस्तकापेक्षा शॉर्टलिस्टमधली बाकीची नावं बघा, जिंकणारं पुस्तक बऱ्याचदा सगळ्यांना थोडं थोडं आवडलेलं असतं, आणि जे दोन परीक्षकांना वेडं करून गेलं आणि तिघांना अजिबात झेपलं नाही ते लिस्टमध्ये खाली पडलेलं सापडतं. नावं मिळाली की किंडलवर सुरुवातीचा नमुना फुकट वाचायला मिळतो तो वाचा आणि वरची गाव बदलायची टेस्ट लावा. पैसे मग द्या.

मराठीत शोधत असाल तर दिवाळी अंकांपासून सुरू करा. रहस्य, गूढ, विज्ञान असल्या कथांसाठी 'धनंजय'चं नाव कितीतरी वर्षांपासून घेतलं जातं आणि अशा अंकात जुन्या नावांच्या शेजारी नवीन नाव बसलेलं असतं, एक कथा वाचून कळतं की या माणसाची कादंबरी झेपेल का. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही लायब्ररीत दिवाळीनंतर एक-दोन महिन्यांनी जा, तोवर अंकांवरची उडी कमी झालेली असते. कादंबरीकारांत हृषीकेश गुप्ते जरूर वाचा, ते गूढ आणि भय यांच्या हद्दीवर लिहितात, तंतोतंत नॉयर म्हणता येणार नाही पण घर, वाडा, नातेवाईक आणि दाबून ठेवलेल्या गोष्टी यातून ताण कसा तयार होतो हे त्यांच्याकडं बघण्यासारखं आहे. मराठीत शुद्ध नॉयर अजून कमीच, हे मान्य करायला पाहिजे. आपल्याकडं गूढ म्हटलं की लेखकाचा हात पटकन भूताकडं जातो, सावकाराकडं जात नाही. मला तर सावकार जास्त भीतीदायक वाटतो.

अजून एक प्रकार सांगायचा राहिला, शहरांचे कथासंग्रह. अमेरिकेतल्या अकाशिक बुक्सनं २००४ ला 'ब्रुकलिन नॉयर' काढलं आणि मग शहरामागून शहर घेत सुटले, आपल्याकडचे दिल्ली आणि मुंबई पण झाले. यात प्रत्येक कथा एकेका वस्तीची, अनुक्रमणिकेतच वस्तीचं नाव दिलेलं असतं. नवे लेखक चाखायला हे एकदम सोयीचं, आवडला तो पकडायचा बाकीचे सोडायचे. हे वाचताना एक खेळ करा, अनुक्रमणिका उघडून आपल्या गावची करा. विजापूर वेशीत कुठली गोष्ट घडेल, जुळे सोलापुरात कुठली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठली? नवी पेठेतल्या दुकानदाराचं रहस्य आणि होटगी रोडच्या प्लॉटचं रहस्य एकसारखं असूच शकत नाही, एकात गल्ल्याचा हिशेब असेल आणि दुसऱ्यात सातबाऱ्यावरचं नाव. गड्ड्याच्या यात्रेत, त्या पाळण्यांच्या गर्दीत, हरवलेला माणूस आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सापडलेली चप्पल, या दोन वेगळ्या कथा आहेत. हा खेळ टाइमपास वाटेल पण त्यानं डोळा तयार होतो, नंतर परक्या शहराची कथा वाचताना वस्तीचं नाव आलं की तुम्ही आपोआप विचारता, इथं पैसा कुठून येतो?

काही गोष्टींना बिनधास्त नाही म्हणा. पहिल्या पानावर तरुण मुलीचं प्रेत, त्याचं चवीनं केलेलं वर्णन, आणि पुढं तिनशे पानं त्या मुलीबद्दल एक अक्षर नाही, तिला काय आवडायचं, कुणाशी पटायचं नाही, काहीच नाही, सगळं त्या दारू पिणाऱ्या डिटेक्टिव्हच्या दुःखाबद्दल. असली पुस्तकं खंडीभर आहेत. नव्या लेखिकांनी नेमकं हेच उलटवलंय, मेलेल्या माणसाला पुस्तकभर जागा देतात. म्हणून पन्नास पानांनंतर मेलेल्याबद्दल तुम्हाला काही माहिती नसेल तर ठेवून द्या खुशाल, पैसे गेले म्हणून वेळ घालवू नका.

शेवटाबद्दल. नॉयरचा शेवट बऱ्याचदा अर्धवट वाटतो. आयर्लंडच्या एका फार गाजलेल्या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीत दोन रहस्यं आहेत आणि त्यातलं एकच सुटतं, नाव सांगत नाही कारण मग तुम्ही वाचताना तेच बघत बसाल. लोक त्यावर अजून भांडतात. मला विचाराल तर शेवटावर चिडण्याआधी एक काम करा, पुस्तक मिटवायच्या आधी पहिलं प्रकरण परत वाचा. दहा मिनिटं लागतात. पहिल्या वेळेला नुसती हवा वाटलेली वाक्यं आता वेगळीच दिसायला लागतात, कोण कुणाकडं बघत नव्हतं, कुणी आधी पैसे काढले, कुणी गाडीतून उतरायला उशीर केला. चांगल्या पुस्तकात उत्तर तिथंच पडलेलं असतं. तिथंही काही सापडलं नाही तर मग चिडा, हक्क आहे तुमचा.

मित्रांत मिळून वाचत असाल तर दोन नियम पुरतात. ग्रुपवर मेसेज टाकताना आधी प्रकरणाचा नंबर लिहायचा, जो तिथवर पोचला नाही त्यानं उघडायचाच नाही. आणि आपला अंदाज ग्रुपवर टाकायचा नाही, स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवायचा, तारखेसकट राहतो. नाहीतर संपल्यावर पार्क चौकात चहाला जमलं की प्रत्येकजण म्हणतो, 'मला तर आधीच कळलं होतं बे.' मग काढ मोबाईल, दाखव. ज्याचा अंदाज चुकला त्यानं चहा पाजायचा, आणि सगळ्यांचाच चुकला असेल तर पुढचं पुस्तक त्याच लेखकाचं.

क्रम विचारत असाल तर लागोसच्या बहिणी आधी, मग कॉस्बीचं गॅरेज, दुष्काळवालं मे महिन्यासाठी राखून ठेवा, आणि दिवाळी अंक जानेवारीत, गड्डा संपल्यावर.